सर्व जागा मोकळ्या

या प्रकरणात माझा फायदा तिहेरी होता. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी हे सगळं संस्थेच्या भल्यासाठी केलं असा गैरसमज मागाहून कुणी करून घ्यायला नको. पहिला फायदा म्हणजे, आमचे साहेब वर्षभरात निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीला माझ्याइतका लायक माणूस निदान माझ्या तरी पाहण्यात नव्हता. दुसरा, मुख्य कार्यालयाच्या वार्षिक अंकात फोटो. तिसरा फायदा पहिल्या दोहोंची बेरीज करूनही वर उरेल एवढा मोठा होता. माझ्या साडूचं तोंड बघायला मिळणार होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हे नातं मोठं विचित्र आहे. भावाशी भांडता येतं, शेजाऱ्याशी अबोला धरता येतो. साडूशी यातलं काहीच करता येत नाही, त्याच्याशी फक्त तुलना करता येते, आणि ती आपण नाही केली तर सासूबाई करतात. त्यातून माझा साडू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, डोक्यावर सगळे केस शाबूत, आणि स्वभावाने चांगला. तो वाईट असता तर माझं निम्मं काम झालं असतं. पण तो मला 'दादा' म्हणतो, माझे जुनेच विनोद पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो आणि जिन्यात सासूबाईंच्या हातातली पिशवी माझ्या आधी घेतो. अकरा वर्षांत एकदासुद्धा त्याने मला त्याचा राग करायला धड कारण दिलं नाही. इतका स्वार्थी माणूस मी पाहिलेला नाही.

साथ ओसरल्यावर एका रविवारी आम्ही सगळे सासूबाईंकडे जेवायला जमलो होतो. खिडकीजवळची हातांची खुर्ची ही थोरल्या जावयाची, म्हणजे माझी. पण मी हात धुऊन येईपर्यंत सासूबाईंनी त्याला तिथे बसवलं होतं. तो उठायला लागला, तर त्याच म्हणाल्या की बसा हो, ते घरचेच आहेत. मी घरचाच असल्यामुळे स्टुलावर बसलो.

"आमच्या ऑफिसात आता कुणालाच टेबल नाही, दादा," तो म्हणाला.

बिचाऱ्याची नोकरी गेली असं मला वाटलं. मला इतकं वाईट वाटलं की मी स्वतः उठून त्याला पाणी आणून दिलं. साडूबद्दल मला माया वाटली ती आयुष्यात तेवढी तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला त्याने फोन काढला आणि फोटो दाखवायला सुरुवात केली. त्याच्या कंपनीने साथीनंतर ऑफिसच नव्याने मांडलं होतं. कुणाचं ठरलेलं टेबल नाही, कुणाला खोली नाही. ज्याने यावं त्याने हवं तिथे बसावं, चार डोकी जमली की टेबलं जोडावीत, काम झालं की सोडवावीत. याला म्हणे 'फ्लेक्सिबल कोलॅबोरेटिव्ह स्पेस' म्हणतात आणि हिच्यात माणसाला नवनवीन कल्पना सुचतात. भिंतीसुद्धा लिहायच्या होत्या. सुचलं की लिहा भिंतीवर. सासूबाई म्हणाल्या, किती छान. माझ्या मुलाने तिसऱ्या वर्षी याच घराच्या भिंतीवर हीच कल्पना राबवली होती, तेव्हा ओलं फडकं घेऊन मला पुसायला लावलं होतं.

आणि ही सगळी मांडणी करणाऱ्या समितीचा प्रमुख कोण, तर आमचा साडू. कंपनीच्या अंकात पहिल्याच पानावर त्याचा फोटो, दोन्ही हात पसरून उभा, जणू ती रिकामी जागा त्याच्या वडिलांनी ठेवलेली आहे. पुढच्या रविवारी तो फोटो चौकटीत बसून सासूबाईंच्या भिंतीवरच्या घड्याळाखाली लागला. किती वाजले ते बघायचं तर त्याला बघावं लागे. मी मनगटावर घड्याळ बांधायला लागलो.

अशा मनःस्थितीत असताना आमच्याकडे परिपत्रक आलं.

आम्ही लहान मुलांची चित्रांची पुस्तकं काढतो. मी मजकूर लिहितो. 'हत्ती आला. हत्ती पाण्यात गेला.' लोकांना हे सोपं वाटतं. हत्तीला पाण्यातून बाहेर काढायला किती शब्द लागतात ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आमची आठ माणसं. साहेब, मी, चित्रं काढणाऱ्या बाई, पानांची मांडणी करणारा इंचपट्टी, मुद्रितं तपासणारे वेलांटीकाका आणि गोदाम, रवानगी, टपाल सांभाळणारे तिघे. साथीत सगळे घरून काम करत होते. परत आले तेव्हा जमिनीवर सहा-सहा फुटांवर पावलांची चित्रं चिकटवलेली, टेबलांमध्ये प्लास्टिकचे पडदे, आणि माणसं एकमेकांकडे उसने पैसे मागायला आल्यासारखी बघत होती. बाईंना दोन वर्षं स्वयंपाकाच्या ओट्यावर चित्रं काढायची सवय लागली होती, त्यांना आता बसून काही जमेना. इंचपट्टी दुपारी दोनला सवयीने आडवा व्हायला जागा शोधत असे. कुणी कुणाशी बोलेना, त्यामुळे नवीन पुस्तक निघेना. बाईंनी काढलेल्या हत्तीला मी 'उंट' म्हटलंय, हे आम्हाला छापून आल्यावर कळलं.

परिपत्रकात लिहिलं होतं, की बदलत्या परिस्थितीत सर्जनशील कामासाठी सहकार्याचं लवचिक वातावरण निर्माण करावं आणि केलेल्या बदलांचा अहवाल पाठवावा. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "दोन वर्षं साथीपासून लांब राहा म्हणाले, आता एकमेकांना साथ द्या म्हणतायत. कोण करतंय हे?"

अठरा वर्षांत मी आपणहून पंख्याचं बटणसुद्धा लावलेलं नाही. पण माझा हात वर गेला. इतक्या वर गेला की वेलांटीकाकांनी बाकीच्यांच्या देखत मला बरं वाटतंय का ते विचारलं.

घरी हे सांगितल्यावर बायको सहज म्हणाली, "मग त्यांनाच विचारा की. त्यांनी केलंय सगळं."

मी तिला सांगितलं, की अठरा वर्षं मजकूर लिहिणाऱ्या माणसाला चार टेबलं इकडची तिकडे करायला कुणाची शिकवणी लागत नाही. ती बरं म्हणाली. बायको लगेच बरं म्हणाली की समजावं, काम झालेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडूचा अहवाल माझ्या फोनवर होता. अकरा पानं, खाली ओळ: 'दादा, हवं ते घ्या. तुमच्याकडे उत्तमच होईल.' मी तो उघडणार नाही असं बायकोला स्पष्ट सांगितलं आणि न्हाणीघराची कडी लावून पूर्ण वाचला.

अहवाल दुर्दैवाने चांगला होता. मी तो जसाच्या तसा घ्यायचं ठरवलं, फक्त त्याचा आहे हे कुणाला ओळखू येता कामा नये. आणि ओळखू येण्यासारखी एकच गोष्ट त्यात होती, ती म्हणजे त्याची भाषा. प्रत्येक ओळीत 'डेस्क'. मी मोजले, एकतीस डेस्क होते. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस, मला साडूचा डेस्क कशाला हवा? एकतीसच्या एकतीस डेस्क काढून मी तिथे स्वच्छ 'बसायच्या जागा' लिहिलं. त्याच्या 'हॉट डेस्क'ची 'गरम जागा' केली. 'ब्रेकआउट एरिया'ची 'फुटून बाहेर पडण्याची जागा' केली. कुणाशी न बोलता काम करायच्या लहान खोलीला त्याने 'पॉड' असं काहीतरी शेंगेचं नाव दिलं होतं, तिला मी 'मौनाची कोठडी' म्हटलं. वाचून पाहिलं आणि हा विषय मला जन्मापासून येतो अशी माझी खात्री पटली.

मग प्रत्यक्ष कामाला लागलो. हे काम आपण करतोय ही गोष्ट मी शेजाऱ्यांना सांगायला नको होती, पण न सांगता केलं तर ते सासूबाईंपर्यंत पोचणार कसं? खालच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांनी मला जिन्यात अडवून पहिलाच प्रश्न केला, "जमिनीचा उतार पाहिलात का?" आता हे गृहस्थ कुणालाही काहीही करताना पाहिलं की उताराचं विचारतात. आम्ही मुलाला सायकल घेतली तेव्हा त्यांनी उताराचं विचारलं होतं, आणि माझ्या पुतणीचं लग्न ठरलं तेव्हाही नवऱ्या मुलाच्या गावाला उतार आहे का ते विचारलं होतं. मी मान डोलावून पुढे गेलो. वरच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, भिंती पिवळ्या करा, पिवळ्याने सुचतं. ते मात्र मी ऐकलं. भिंती पिवळ्या झाल्यावर आमची आठही माणसं काविळीतून उठल्यासारखी दिसायला लागली आणि तिघांनी खरोखर रक्त तपासून घेतलं.

साहेबांची काचेची खोली काढून टाकली. साहेबांनी विरोध केला नाही. उलट म्हणाले, की त्या खोलीत बसून काम केल्यासारखं दिसण्याचा फार ताण यायचा. कागद ठेवायचं जुनं कपाट रिकामं करून त्याला भोकं पाडली, ती मौनाची कोठडी झाली. वेलांटीकाका सकाळी तिच्यात जात ते जेवायला बाहेर येत. आतून येणारं घोरणं हे मौनात धरायचं की नाही यावर आमची बैठक झाली होती.

खरी मुख्य गोष्ट टेबलं. टेबलांना चाकं लावायची म्हणून मी भांडारविभागाकडे मागणी केली: चाकं अठ्ठावीस, चाकं थांबवायच्या अडकणी अठ्ठावीस. चाकं मंजूर झाली, अडकणी नामंजूर. मी विचारायला गेलो तर तिथल्या माणसाने शांतपणे समजावलं, की चाक हे फर्निचरच्या सुट्या भागात येतं, पण ब्रेक हा वाहनाच्या सुट्या भागात येतो. "तुमच्याकडे ऑफिसचं वाहन आहे का?" नव्हतं. "मग ब्रेक कशाला लागतो?" मी अठ्ठावीस चाकं घेऊन परत आलो.

सुताराने चाकं लावता लावता एकदा मान वर केली आणि म्हणाला, "चाक आपलं काम करणार हां, साहेब. थांबणं काय त्याचं काम नाय."

चाकं अठ्ठावीस, म्हणजे टेबलं सात, प्रत्येकाला शाळेतल्यासारखं बाक जोडलेलं. आठवं टेबल माझं. आता इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझं टेबल खिडकीशी आहे, सागवानी आहे, आणि त्याला उजव्या हाताला एक कुलपाचा ड्रॉवर आहे. त्या ड्रॉवरात मौल्यवान असं काही नाही. एक चष्मा, एक पंचा, आणि मी लिहिलेली पण अजून जगाने न मागितलेली दोन नाटकं. पण आपण किल्ली फिरवल्यावर जो 'खट्' आवाज होतो, त्यासाठी माणूस नोकरी करतो असं माझं मत आहे. तेव्हा कुणाचीही जागा कुणाची नाही हे तत्त्व मी सातजणांना लागू केलं आणि आठव्या टेबलाला 'तुलनेसाठी जुना नमुना' अशी चिठ्ठी लावली.

सोमवारी सगळे आपापल्या लवचिक टेबलांवर बसले. अकराच्या सुमाराला बाई म्हणाल्या, मला खिडकी जरा लांब गेल्यासारखी वाटते. बारा वाजता इंचपट्टी आणि टपालवाला न उठता एकमेकांशेजारी आले. साडेतीन वाजता सातही टेबलं संडासाच्या दारासमोर गोळा झाली होती आणि आत गेलेल्या साहेबांना बाहेर पडता येत नव्हतं.

चौकशी केल्यावर कळलं, की आमची इमारत पूर्वी कपडे धुण्याचा कारखाना होती. पाणी वाहून जावं म्हणून सगळी जमीन त्या कोपऱ्याकडे उतरती केलेली आहे. खालच्या इंजिनियरांना हे कळू नये एवढीच काळजी मी घेतली. इतकी वर्षं टेबलांना पाय होते म्हणून उतार कुणाला जाणवला नव्हता.

रोज हेच व्हायला लागलं. सकाळी ढकलून वर न्यायची, दुपारपर्यंत खाली. बाईंचा हात कागदावर आणि टेबल प्रवासाला, त्यामुळे एका हत्तीची सोंड तीन पानं लांब झाली. आणि मला सांगायला फार जड जातं, पण संडासाच्या दारापाशी ती माणसं बोलायला लागली. जागाच अशी होती की गप्प बसणं जास्त अवघड. इंचपट्टी म्हणाला, सोंड अशीच राहू दे, तिच्यावरून मुंग्या चालत जातील. टपालवाल्याने मुंग्यांना पत्रं वाटायला लावली. पंधरा दिवसांत पुस्तक तयार झालं. मी मात्र खिडकीशी माझ्या नमुन्यावर एकटाच बसून होतो आणि त्यांचं हसणं ऐकू येत होतं. माझ्याच ऑफिसात, माझ्याच योजनेने, मला सोडून सगळ्यांना सुचत होतं. साडू निदान लांब राहून जाळायचा.

महिनाअखेर अहवाल पाठवायची वेळ आली. वेलांटीकाकांनी मुद्रित तपासायला घेतलं. काकांची नजर अशी, की ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं त्यांना पुढच्या खोलीत ठेवलेल्या कागदावरसुद्धा टोचतं. पण ते अर्थ बघत नाहीत. त्यांचं म्हणणं, अर्थ बघायला लागलं की वेलांटी निसटते. त्यांनी माझ्या एकतीस ठिकाणच्या 'बसायच्या' या शब्दावर लाल रेघ मारली.

"अहवालात 'बसायच्या' बरं दिसत नाही," ते म्हणाले. "जागा म्हटली की बसायचीच. का उभ्याने ठेवणार आहात?"

मला पटलं. भाषा आटोपशीर झाली. अहवालाचा मुख्य परिच्छेद आता असा होता: 'आपल्या शाखेतील सर्व जागा मोकळ्या करण्यात आल्या आहेत. यापुढे कोणतीही जागा कोणा एकाच्या मालकीची राहणार नाही. ज्यास जी जागा हवी, ती त्याने घ्यावी. या बदलामुळे सर्व कर्मचारी आनंदात आहेत.' साहेबांनी न वाचता सही केली. मी दुसऱ्या दिवशीपासून वार्षिक अंकासाठी कुठल्या अंगाने फोटो काढावा याचा विचार करायला लागलो.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते आलं कर्मचारी विभागाकडून. आपल्या शाखेतील सर्व आठ जागा मोकळ्या झाल्याची नोंद घेण्यात आली आहे, असा समजूतदारपणा इतर शाखांनीही दाखवावा, आणि सदर जागा भरण्यासाठी जाहिरात देण्यात येत आहे.

साहेबांनी पत्र वाचून माझ्याकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. बाकीचे उतारावरून माझ्याकडे बघत होते. वेलांटीकाका पत्र डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, की यात वेलांटी एकही चुकलेली नाही.

साहेबांनी फोन केला. पलीकडच्या माणसाला चूक पटली, तो हसलासुद्धा. पण पत्राला जावक क्रमांक पडलेला होता, आणि क्रमांक पडलेलं पत्र मागे घ्यायची त्यांच्याकडे पद्धत नाही. तो म्हणाला, तुम्हीही अर्ज करा की, तुमच्या अनुभवाचा विचार नक्की होईल. त्याच संध्याकाळी खालचे इंजिनियर वर्तमानपत्र घेऊन वर आले. 'एका नामांकित बालपुस्तक संस्थेत आठ जागा भरणे आहे.' त्यांच्या भाच्याला मजकूर लिहायची हौस होती, मजकूर लेखकाच्या जागेसाठी माझा शब्द पडेल का ते विचारायला आले होते. मी म्हटलं, तिथे आधीचा माणूस फार चांगला आहे असं ऐकतो. ते म्हणाले, चांगला असता तर जागा मोकळी कशी झाली असती?

तर आम्ही सगळ्यांनी आपापल्या जागेसाठी अर्ज केले. साहेब सोडून. ते म्हणाले, सहा महिन्यांसाठी मुलाखत कोण देतो, मी मोकळा. आणि खरोखरच त्या दिवसापासून ते शीळ घालत यायला लागले. म्हणजे खुर्ची आत्ताच रिकामी. मी अर्जात पहिली पसंती साहेबांच्या जागेला दिली, दुसरी स्वतःच्या. चूक झाली खरी, पण तिने माझी वाट सहा महिन्यांनी जवळच केली होती. सासूबाईंच्या घड्याळाखाली कुणाचा फोटो शोभेल ते मला आता स्पष्ट दिसत होतं.

मुलाखतींना मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. हळू बोलणाऱ्या, आणि प्रत्येक वाक्यानंतर चष्मा काढून आपल्याकडे चष्म्याशिवाय बघणाऱ्या. बंद खोली मी पाडून टाकल्यामुळे मुलाखत सगळ्यांच्या देखतच होणार होती. मुलाखतीचं टेबल सरकू नये म्हणून साहेब एका पायाने ते धरून बसले. बाहेरून आलेले उमेदवार भिंतीशी तिवयांवर ओळीने बसले होते, आणि त्यात शेवटचा साडू होता.

मी त्याच्याजवळ गेलो. तो उठला. नेहमीसारखा नीटनेटका, खांद्याला बॅग.

"मुलाखतीच्या पत्रावर पत्ता वाचला तेव्हा येऊ नये असंच वाटलं होतं, दादा," तो हळूच म्हणाला. "पण चार महिने झाले."

"कशाला?"

"नोकरी गेली त्याला. आता खरंच टेबल नाही."

मग त्याने थोडक्यात सांगितलं. सगळ्यांचीच जागा सगळीकडे झाल्यावर कंपनीच्या लक्षात आलं, की एखादा कमी केला तरी कुठलीच खुर्ची रिकामी दिसत नाही. मग एकेक करून त्याच्या विभागातली बावीसच्या बावीस माणसं कमी झाली. समितीचा प्रमुख तेविसावा. घरी त्याने सांगितलेलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचा आणि सार्वजनिक वाचनालयात बसून अर्ज लिहायचा. तिथेही म्हणे एकच जागा रोज मिळेल असं नाही.

त्या क्षणी माझ्या मनात जे पहिलं आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. चार महिने या माणसाने पंख्याखाली बसून शांतपणे वाचन केलं, आणि मी इथे टेबलं ढकलत होतो.

माझी मुलाखत पहिली. बाईंनी माझा अहवाल उघडला, त्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी विचारलं, गरम जागा म्हणजे काय? मी म्हटलं, उबदार. म्हणजे माणसाला जिथे ऊब वाटेल अशी. त्यांनी विचारलं, उन्हाळ्यात? मी म्हटलं, उन्हाळ्यात खिडकी उघडायची. त्यांनी चष्मा काढला. फुटून बाहेर पडण्याची जागा कुठे आहे, हे विचारल्यावर मी आग लागली तर वापरायचा जिना दाखवला. मागे उतारावर कुणीतरी खोकलं.

"एक शेवटचं," बाई म्हणाल्या. "इथे माणसं आठ आहेत. पान सातवर तुम्ही 'आपले बावीस जण' असं लिहिलंय. हे बावीस कोण?"

एकतीस डेस्क मी बदलले होते. बावीस माणसं राहून गेली होती. पिवळ्याने सुचतं म्हणून मी भिंतीकडे पाहून घेतलं. यापुढे मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही आणि ज्यांना आठवतं ते सभ्यपणे सांगत नाहीत.

शेवटी साडूला बोलावलं. बाईंनी त्याच्यापुढे अहवाल सरकवला आणि तेच प्रश्न विचारले. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एकदाच. माझी अठरा वर्षं त्या वेळी त्याच्या जिभेवर होती. त्याने एक शब्द उच्चारला असता, तर साहेबांची खुर्ची राहिली बाजूला, माझी दुसरी पसंतीसुद्धा गेली असती.

तो बोलायला लागला. गरम जागा म्हणजे एकजण उठला की दुसऱ्याने लगेच बसायची, खुर्ची गार व्हायच्या आत. फुटून बाहेर पडायचं ते आगीतून नव्हे, बैठकीतून. सोप्या शब्दांत, न अडखळता, पान न उलटता. बोलता बोलता टेबलांच्या घोळक्याकडे बोट करून म्हणाला, ही माणसं हसत काम करतायत, मॅडम. आमच्याकडे इतकं करून हे कधी झालं नाही.

"अहवाल लिहिणाऱ्यापेक्षा तुम्हाला तो जास्त कळलेला दिसतो," बाई म्हणाल्या. "आणि हे बावीस?"

"पुढचा विचार करून लिहिलं असणार," साडू म्हणाला. "उद्या शाखा वाढली तर. मी तर हा अहवाल वाचून बरंच शिकलो. दादांचा, म्हणजे यांचा, हात चांगला आहे."

आठवड्याने पत्रं आली. सात जागा ज्यांच्या त्यांना परत. आठवी, साहेबांची, साडूला.

सासूबाईंनी फोन करून मला सांगितलं, की बरं झालं, आता दोघं एका छपराखाली, तुम्हालाही आधार. घड्याळाखालची चौकट तशीच ठेवून तिच्या खाली त्यांनी त्याच्या नेमणुकीच्या पत्राची लावली. आता घड्याळात किती वाजलेत ते कळायला दोन टप्पे लागतात. त्या रात्री वाढताना बायको म्हणाली की चार महिन्यांचं सगळं कळल्यावर बहीण फोनवर फार रडली, आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ती नोकरी मीच लावून दिली. मी नाही म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी साडू आला, सगळ्यांना भेटला, मौनाच्या कोठडीवर टकटक करून काकांना भेटला. मग माझ्यापाशी येऊन उभा राहिला. बॅगेचा पट्टा चाळवत राहिला. साहेब झालेल्या माणसाला असं अवघडलेलं मी प्रथमच पाहत होतो.

"दादा, एक मागू का? नाही म्हणालात तरी चालेल," तो म्हणाला. "आमच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी इथे आलो होतो. तुम्ही ती वाचलीत, ड्रॉवरात ठेवलीत आणि किल्ली फिरवलीत. अकरा वर्षं तो आवाज माझ्या डोक्यात आहे. आपल्याला असं एक टेबल कधी मिळेल, असं वाटायचं."

अकरा वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो, तो अकरा वर्षं माझ्या ड्रॉवरावर जळत होता, आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. केवढा आनंद फुकट गेला. मी चष्मा, पंचा आणि दोन नाटकं काढून घेतली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती फिरवून बघितली. खट्.

तर शेवटी कुणी काय मोजलं ते असं. साहेबांनी काहीच दिलं नाही, त्यांना सहा महिने आधी शीळ मिळाली. काकांना कोठडी मिळाली. बाईंच्या लांब सोंडेच्या हत्तीची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यावर माझं नाव नाही. साडूने अकरा पानं आणि एक शब्द गिळणं एवढं दिलं, त्याबद्दल त्याला खुर्ची, खिडकी, सागवानी टेबल आणि किल्ली मिळाली. हे सगळं ज्याच्याकडून गेलं तो मी. माझ्याकडे आता त्याचं चाकांचं टेबल आहे. सकाळी दहाला मी खिडकीपासून निघतो आणि साडेतीनला संडासाच्या दाराशी पोचतो.

पण एवढ्यावर भागत नाही. रोज चार वाजता साडू आपल्या न हलणाऱ्या टेबलावरून उठतो, बाह्या मागे सारतो, मला टेबलासकट पुन्हा खिडकीपर्यंत ढकलत नेतो आणि म्हणतो, "चला दादा, तुमच्या जागेवर." सगळं ऑफिस कौतुकाने त्याच्याकडे बघतं. आता त्याच्या चांगुलपणावरही मलाच जळावं लागतं, आणि तेसुद्धा त्याने ढकलत असताना, बसल्या जागी.